देशी कशाला म्हणायचं?



दसरा-दिवाळी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत असतो की वस्तूवरचा बारकोड 890 या आकड्याने सुरू होत असेल तर माल भारतातला आणि 690 ने सुरू होत असेल तर चीनचा. तेव्हा आधी आकडा बघा आणि मगच पिशवीत टाका. बऱ्याच जणी विचारतात, हे खरं का? आजचं बोलणं त्यावरच आहे.

तर हे खरं नाही. बारकोडचे पहिले तीन आकडे वस्तू कुठे बनली ते सांगतच नाहीत. ज्या कंपनीने तो बारकोड घेतला तिची नोंदणी कोणत्या देशातल्या संस्थेकडे आहे, एवढंच त्यातून कळतं. भारतात ही नोंदणी जीएस-वन इंडिया नावाची संस्था करते आणि तिच्याकडे नोंदलेल्या कंपन्यांना 890 मिळतो. समजा, मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्याने चीनमधून पंखे बनवून आणले आणि आपल्या नावाच्या खोक्यात भरले, तर त्या खोक्यावर 890 असू शकतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवून आपण खुशाल घरी यायचं आणि शेजारणीलाही सांगायचं!

खोक्यावर बघायचं ते वेगळं. वजनमापाच्या कायद्याखाली 2011 चे नियम आहेत. बंद पाकिटातला माल असेल तर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव आणि पत्ता त्यावर हवा. बाहेरून आणलेला असेल तर आणणाऱ्याचं नाव-पत्ता आणि माल कोणत्या देशात बनला, हे छापलेलं हवं. 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' म्हणजे बनवणारा, 'पॅक्ड बाय' म्हणजे पाकिटात भरणारा, 'मार्केटेड बाय' म्हणजे नुसता विकणारा आणि 'इम्पोर्टेड बाय' म्हणजे बाहेरून आणणारा. ठळक अक्षरात पुण्या-मुंबईचा पत्ता दिसला म्हणून फसू नका, तो विकणाऱ्याचाही असू शकतो. 'कंट्री ऑफ ओरिजिन' ही ओळ बारीक अक्षरात कुठेतरी खाली असते, ती शोधायची. ऑनलाइन मागवत असाल तर तिथेही वस्तूचा देश दाखवावा लागतो. सापडला नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.

बारकोडचं झालं. पण समजा ती बारीक ओळ सापडली आणि तिथे 'भारत' असं लिहिलेलं आहे. मग वस्तू देशी झाली का?

आपण थेरगावात राहतो. आपल्याकडे घराघरातून कुणी ना कुणी चाकणला, भोसरीला नाहीतर तळेगावला कंपनीत जातं. कुणी जर्मन कंपनीत, कुणी कोरियन, कुणी टाटांकडे, आणि पुष्कळजण त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान शॉपमध्ये, ठेकेदाराच्या हजेरीवर. ज्यांच्या घरातलं कुणी जात नाही त्या खोल्या भाड्याने देतात, डबे देतात, पाळणाघर चालवतात. म्हणजे चूल शेवटी कंपनीच्याच पाळ्यांवर पेटते. त्यामुळे 'परदेशी नको, देशी घ्या' हे वाक्य आपल्या कानाला इतर शहरांपेक्षा थोडं वेगळं लागायला हवं.

हे वाक्य जन्माला घालण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877 च्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताची खादी नेसून गेले होते. तेव्हा गांधीजी शाळकरी वयाचे होते. पुढे बंगालच्या फाळणीनंतर 1905 च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. ती पेटवण्यात पुढे होते फर्ग्युसनमधले विद्यार्थी विनायक सावरकर. कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. होळीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र तिच्यापेक्षा पैसा फंडाची गोष्ट जास्त मोलाची वाटते, आणि ती तर आपल्या शेजारची आहे.

अंताजी दामोदर काळे नावाचे एक गृहस्थ. त्यांची कल्पना साधी होती: प्रत्येकाने एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशात उद्योग उभा करायचा. टिळकांनी कल्पना उचलून धरली. गोळा झालेल्या पैशातून 1908 च्या सुमारास तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. तेव्हा दिव्याच्या चिमण्यांपासून बायकांच्या हातातल्या बांगड्यांपर्यंत काच मोठ्या प्रमाणात बाहेरून यायची. नुसती विलायती बांगडी फोडून काय होणार, हातात घालायला दुसरी नको का? ती बनवायला शिकायला हवं, हे त्या लोकांनी ओळखलं. आणि शिकवलं कुणी? ईश्वरदास वार्ष्णेय यांनी, जे स्वतः जपान आणि अमेरिकेत काचेचं तंत्र शिकून आले होते. म्हणजे पैसा आपला, कारागीर आपले आणि विद्या परदेशातली. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. तळेगावला शिकलेले कारागीर पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेले.

म्हणजे स्वदेशीच्या ऐन भरातसुद्धा निव्वळ देशी असं काही नव्हतं. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचीही तीच गत. आपण अभिमानाने 'हमारा बजाज' म्हणायचो. आकुर्डीत बजाजची स्कूटर बनायला लागली ती इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर. तो करार 1971 मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली. तिची घडण मात्र इटलीच्या व्हेस्पाचीच. ती स्कूटर मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, हेही विसरायला नको. बाहेरचा माल अडवला की आतला कारखाना वाढतो हे खरं, पण गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवलं तरी चालतं, अशी सवयही त्या कारखान्याला लागते.

आता चेतक विजेवर चालते आणि तीही आकुर्डीतच बनते. पण तिच्या मोटारीला जे ताकदवान लोहचुंबक लागतात ते दुर्मिळ खनिजांपासून होतात, आणि त्यांचा धंदा जवळपास सगळा चीनच्या हातात आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने त्यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. जुलैत बजाज कंपनीने जाहीरपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये विजेवरच्या चेतकचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, कारखाना आकुर्डीचा, कामगार आपल्या निगडी-थेरगावचा. आणि तळहातावर मावेल एवढ्या चुंबकापायी लाइन थांबायची वेळ.

इथे कुणी म्हणेल, मग बाहेरचं काही घेऊच नये. किंवा उलट कुणी म्हणेल, सगळं एकमेकांत गुंतलंच आहे, तर स्वस्त मिळेल ते घ्यावं. मला दोन्ही पटत नाही, आणि त्याचं कारण पिंपरीतच आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपली एचए कंपनी. सरकारने ती 1954 मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि 1955 पासून इथे पेनिसिलीन बनायला लागलं. ज्या औषधासाठी बाहेरच्या देशांकडे हात पसरावा लागत होता ते पिंपरीत तयार व्हायला लागलं. पुढे चीनमधून कच्चं पेनिसिलीन इतकं स्वस्त यायला लागलं की भारतातल्या ते बनवणाऱ्या कारखान्यांना परवडेना. एकेक करून ते बंद झाले. काही वर्षं स्वस्ताई मिळाली आणि नंतर लक्षात आलं की लेकराच्या न्युमोनियावरच्या औषधाचा कच्चा माल आपल्याला बनवताच येत नाही. 2020 मध्ये केंद्र सरकारला असा माल पुन्हा देशात बनवण्यासाठी कंपन्यांना पैसे देण्याची योजना काढावी लागली. दिव्यांची माळ चीनची आली तर कुणाचा जीव जात नाही. औषधाचं तसं नाही. सगळ्या वस्तूंना एकच माप लावू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघू. कारण आपण नेहमी घेणाऱ्याच्या जागी उभं राहून बोलतो. पण आपला पट्टा दुसऱ्यांसाठी बनवणाराही आहे.

टाटांची इंडिका आठवते? 1998 च्या डिसेंबरात आलेली, पिंपरीत बनलेली. भारतात उभी राहिलेली गाडी म्हणून केवढं कौतुक झालं तिचं. (आकार ठरवताना इटलीतल्या ट्युरिनच्या एका संस्थेची मदत घेतली होती, ते असो.) 2003 मध्ये ही इंडिका इंग्लंडला गेली आणि तिथे तिच्यावर रोव्हरचा बिल्ला लागला. नाव ठेवलं सिटी रोव्हर. रोव्हर म्हणजे इंग्रजांच्या अभिमानाचं नाव. तिथले लोक ब्रिटिश गाडी म्हणून ज्या नावाकडे बघायचे, ती गाडी आपल्या पिंपरीतून बोटीने जात होती! तिथल्या वर्तमानपत्रांनी आणि गाड्यांच्या कार्यक्रमांनी तिला पुष्कळ नावं ठेवली, किंमत जास्त आणि दर्जा कमी म्हणून. एप्रिल 2005 मध्ये रोव्हर कंपनीच बुडाली आणि बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजचे सुमारे सहा हजार कामगार एका झटक्यात घरी बसले. ती कंपनी बुडण्याला पिंपरीची गाडी कारण नव्हती, तिची दुखणी फार जुनी होती. तरी लाँगब्रिजच्या एखाद्या बाईने दुकानात उभं राहून 'बाहेरून बनवून आणलेली गाडी नको, आपलीच हवी' असं म्हटलं असेल, तर ती आपल्यासारखंच बोलत होती. फक्त तिचं 'बाहेर' म्हणजे आपलं घर होतं.

पुढची गंमत अशी की 2008 मध्ये टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. आता रेंज रोव्हर ही गाडी ब्रिटिश नावाची, मालक भारतीय, कामगार बरेचसे इंग्लंडातले. आणि भारतात विकायच्या काही गाड्या पुण्यात जुळतात. हिला देशी म्हणायचं का? चाकणच्या बजाज कारखान्यातून ऑस्ट्रियाच्या केटीएम मोटरसायकली युरोपात जातात. चाकणच्याच फोक्सवॅगनमधून मेक्सिकोला गाड्या गेल्या. आणि अमेरिकेने 2025 मध्ये बाहेरून येणाऱ्या मोटारींच्या सुट्या भागांवर 25 टक्के शुल्क लावलं, ते तिथल्या कामगारांचं काम वाचवायला. तेही एका अर्थी त्यांचं स्वदेशीच. चटका बसतो तो आपल्याकडच्या फोर्जिंग आणि मशीन शॉपना.

आता तळेगावची दुसरी गोष्ट. ही जरा सावकाश सांगते, कारण ती आपल्यातल्या काहींच्या घरात घडली आहे.

अमेरिकेच्या जनरल मोटर्सने 2008 मध्ये तळेगावला कारखाना उघडला. शेव्हरोलेच्या गाड्या तिथे बनायच्या. त्या भारतात फारशा खपल्या नाहीत आणि 2017 च्या अखेरीस कंपनीने इथली विक्री थांबवली. तरी कारखाना चालू राहिला, कारण तिथल्या गाड्या मेक्सिकोसारख्या देशांत जात होत्या. मग जानेवारी 2020 मध्ये ठरलं की चीनची ग्रेट वॉल ही कंपनी हा कारखाना घेणार. कामगारांना वाटलं, मालक बदलेल पण काम राहील.

15 जून 2020 ला महाराष्ट्र सरकारने ग्रेट वॉलबरोबर सामंजस्य करार केला, सुमारे 3,770 कोटी रुपयांचा. त्याच दिवशी रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झटापट झाली आणि आपले वीस जवान शहीद झाले. देश हादरला. लोकांनी चिनी टीव्ही रस्त्यावर फोडले. महिनाअखेरीस 59 चिनी अ‍ॅपवर बंदी आली. त्याआधीच राज्य सरकारने चिनी कंपन्यांबरोबरचे करार थांबवून ठेवले होते. शिवाय शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची परवानगी लागेल, असा नियम त्या एप्रिलपासूनच होता. ती परवानगी आली नाही. डिसेंबर 2020 मध्ये तळेगावला शेवटची गाडी बनली. 2022 च्या मध्यावर ग्रेट वॉलचा व्यवहार रीतसर संपला.

हजाराहून जास्त कामगारांचं काम गेलं. बऱ्याच जणांनी कंपनी देत होती ती भरपाई न घेता कोर्टाची वाट धरली. त्यांच्या घरात हप्ते होते, शाळेच्या फिया होत्या, आणि वर करोना.

सरकारने चुकीचं केलं, असं मी म्हणत नाही. जवानांचं रक्त सांडलेलं असताना काय करायला हवं होतं, ते ठरवणं सोपं नाही. पण एक गोष्ट दिसते ती सांगायला हवी. टीव्ही फोडणाऱ्याचं नुकसान एका टीव्हीचं, तोही बहुधा जुना. चिनी फोन मात्र त्या वर्षीही खपत राहिले. ज्याने या रागाची खरी किंमत मोजली तो होता तळेगावचा कामगार आणि त्याची बायको, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. देशासाठी सोसायचं तर सगळ्यांनी थोडं थोडं सोसावं, पैसा फंडात एकेक पैसा टाकला तसं. इथे सगळं ओझं काही घरांवर पडलं आणि बाकीच्यांना ते कळलंही नाही.

तो कारखाना पुढे कोरियाच्या ह्युंदाईने घेतला, करार झाला ऑगस्ट 2023 मध्ये. 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडायला लागल्या. नवी व्हेन्यू तळेगावची आहे. काम परत आलं. पण पाच वर्षांपूर्वी ज्यांचं गेलं त्यांचं वय तोवर पाच वर्षांनी वाढलेलं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये गुजरातेत हंसलपूरला सुझुकीच्या कारखान्यात बोलताना पंतप्रधानांनी स्वदेशीची आपली व्याख्या सांगितली. तिचा आशय असा की पैसा कुणाचाही लागो, घाम या मातीतल्या माणसाचा हवा. 1905 मध्ये असं कुणी म्हणालं असतं तर सभेत गोंधळ झाला असता! पण आपल्या चाकण-तळेगाव पट्ट्याकडे बघितलं तर मला ही व्याख्या कामाची वाटते. फक्त ती अर्ध्यावर सोडू नये. घाम इथला असेल तर त्याचा दाम किती मिळाला, हेही त्यात यायला हवं. पिंपरीच्या टाटांच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारी जुळवणारी एक लाइन बायका चालवतात, कौतुकाची गोष्ट आहे. त्याच पट्ट्यात वायरिंगच्या आणि प्लास्टिकच्या लहान शॉपमध्ये किती जणी ठेकेदाराकडे काम करतात, वर्षानुवर्षं कायम न होता. माल दोन्हीकडचा भारतातलाच. खोक्यावरची ओळ दोन्हींना सारखीच 'देशी' म्हणते.

पैठणीचंच बघा ना. तिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. येवल्याचा विणकर हातमागावर महिनोन्महिने बसून एक पैठणी काढतो. बाजारात 'सेमी पैठणी' म्हणून मिळते ती बहुतेक यंत्रमागावरची, दुसऱ्याच राज्यात विणलेली. तीही भारतीय, तिच्यावर बहिष्कार घालायला कुणी सांगत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी ती जरूर नेसावी, मीही नेसते. पण दुकानदार हातमागाचा भाव लावून यंत्रमागाची देत असेल तर ते चीनच्या माळेपेक्षा आपल्या विणकराला जास्त महागात पडतं. म्हणून मोठी रक्कम देत असाल तर हातमागाचं चिन्ह आणि पक्कं बिल मागा.

आता बचत गटाच्या मैत्रिणींसाठी. काही गटांनी विचारलंय की चटणी, मसाले, भाजणीच्या पाकिटांवर 'स्वदेशी' असा शिक्का मारला तर चालेल का. शिक्का मारा, हरकत नाही. पण आधी कायद्याने लागतं ते छापा: मालाचं नाव, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना आणि वर्ष, सगळ्या करांसहित किंमत, तक्रारीसाठी फोन नंबर, आणि खाण्याचा जिन्नस असल्याने एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक. बनवणारी म्हणून गटाचं नाव आणि पूर्ण पत्ता, थेरगाव, पुणे 411033 पर्यंत. दुसऱ्याकडून तयार मसाला आणून नुसता पाकिटात भरत असाल तर 'पॅक करणार' असंच लिहायचं, 'बनवणार' नाही.